कार्यालयात बदल मागायचे आहेत: अर्ज कसा लिहावा, कोणाला द्यावा?

पाऊलवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात काम करते. मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांनी सविस्तर तपासणी करून मला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि त्याच्या जोडीने एडीएचडी (लक्ष टिकवण्यात आणि चंचलता आवरण्यात अडचण येणारी स्थिती) असल्याचे निदान मागील वर्षी केले. त्यानंतर स्वतःविषयीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला, पण आजचा प्रश्न व्यवहाराचा आहे. मला कार्यालयात काही बदल हवे आहेत आणि ते रीतसर कसे मागावेत हे समजून घ्यायचे आहे.

काम मला मनापासून आवडते. इतरांच्या नजरेतून सुटलेले दोष मला सापडतात हे माझ्या वरिष्ठांनीही वेळोवेळी मान्य केले आहे. अडचण कामात नसून ते ज्या पद्धतीने आणि ज्या जागी करावे लागते तिथे आहे. यंदापासून कंपनीने ठरलेल्या जागा बंद केल्या असून रोज सकाळी ॲपवर जी मोकळी दिसेल ती जागा घ्यावी लागते. माझी बस पोहोचेपर्यंत उरतात त्या बहुतेक पॅन्ट्रीलगतच्या जागा. तिथे दार सतत आपटत असते, मायक्रोवेव्हची शिट्टी वाजते, चहाचे मशीन घरघरते, आणि रांगेत उभी असलेली माणसे माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकून गप्पा मारतात. दुपारपर्यंत माझी अशी अवस्था होते की समोरच्या पडद्यावरची ओळ तीनतीनदा वाचूनही तिचा अर्थ लागत नाही.

दुसरी अडचण तोंडी सूचनांची. सकाळच्या स्टँडअप, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या, बैठकीत सगळ्यांच्या बोलण्यातून कामाचे प्राधान्यक्रम बदलत जातात आणि जागेवर परत येईपर्यंत माझ्या डोक्यात त्यांची सरमिसळ झालेली असते. लिहून मिळालेले काम मात्र मी बिनचूक करते.

मला एक ठरलेली, रहदारीपासून दूरची जागा हवी आहे. आवाज रोखणारे हेडफोन वापरण्याची परवानगी हवी आहे. सूचना लेखी मिळाव्यात आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता यावे, एवढीच माझी मागणी आहे. हे व्यवस्थापकांना सांगावे की थेट एचआरला, म्हणजे मनुष्यबळ विभागाला? निदान सांगणे आवश्यक आहे का? अपंगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर मागण्याचा हक्क उरतो का? आणि याचा परिणाम वार्षिक मूल्यमापनावर होईल का, ही भीती आहे ती वेगळीच. ज्यांनी असे बदल मागितले आहेत किंवा ज्यांच्याकडे असे अर्ज येतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हजेरीपट

पाऊलवाट, मी मुंबईत मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काढली आहेत आणि अशा प्रकारचे अर्ज टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या चार मागण्या दिसायला एका माळेतल्या असल्या तरी कंपनीच्या आत त्या चार वेगळ्या दारांवर जातात. ठरलेली जागा प्रशासन विभाग देतो. हेडफोनचा प्रश्न काही ठिकाणी माहिती-सुरक्षेच्या नियमांशी जोडलेला असतो. लेखी सूचना देणे पूर्णपणे तुमच्या व्यवस्थापकांच्या हातात असते. घरून काम करण्याला मात्र धोरणातील अपवाद म्हणून वरच्या पातळीवरची मंजुरी लागते. एकाच परिच्छेदात चारही मागण्या गुंफल्या तर घरून काम करण्याची मंजुरी जिथे अडकते तिथे बाकीच्या तीनही अडकून पडतात, आणि ज्या गोष्टी दुसऱ्याच दिवशी होण्यासारख्या असतात त्यांना महिने लागतात. म्हणून ईमेल एकच असावा, परंतु प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे मान्य करता येईल अशी लिहावी, आणि तसे स्पष्ट म्हणावे.

ईमेल एचआरमधील तुमच्या नेमून दिलेल्या व्यक्तीला पाठवा आणि व्यवस्थापकांशी तुमचे बरे असेल तर त्यांना आधी प्रत्यक्ष भेटून कल्पना द्या. आपल्याकडच्या कार्यालयांत वरिष्ठाला डावलून वर अर्ज गेला की त्याला तो आपल्याविरुद्धची तक्रार वाटते, आणि एकदा तसे वाटले की साधी गोष्टही अवघड होऊन बसते. मात्र भेटीत मिळालेले ‘बघू’ किंवा ‘करू काहीतरी’ हे उत्तर समजू नये. भेटीनंतर त्याच दिवशी काय ठरले ते चार ओळींत लिहून पाठवावे.

आता मजकुराविषयी. बहुतेक अर्ज आजाराच्या वर्णनाने सुरू होतात आणि मागणी शेवटच्या ओळीत येते. वाचणाऱ्याला त्यातून सहानुभूती वाटते, पण काय करायचे ते कळत नाही. कामापासून सुरुवात करा. नमुना म्हणून असे लिहिता येईल:

‘माझ्या कामात दीर्घकाळ एकाग्रतेने पडताळणी करावी लागते. रोज बदलणारी जागा आणि पॅन्ट्रीलगतचा आवाज यांमुळे दुपारनंतर पडताळणीचा वेग आणि अचूकता कमी होते. याला वैद्यकीय कारण असून त्याविषयीचे डॉक्टरांचे पत्र मी एचआरला स्वतंत्रपणे देऊ शकते. मजल्याच्या मागील बाजूस खिडकीकडील एक जागा मला कायम ठेवावी आणि कामाच्या वेळेत आवाज रोखणारे हेडफोन वापरण्याची परवानगी द्यावी, अशी विनंती आहे. दैनंदिन कामाचे प्राधान्यक्रम स्टँडअपनंतर टीमच्या चॅटवर लेखी मिळावेत. ते लिहिण्याचे काम मी करण्यास तयार आहे, वरिष्ठांनी केवळ पाहून मान्य करावे. हे बदल तीन महिने करून पाहावेत आणि त्यानंतर उपयोग झाला का हे आपण एकत्र बसून तपासावे.’

यातील शेवटची दोन वाक्ये मुद्दाम तशी लिहिली आहेत. सूचना लिहिण्याचा भार तुम्ही उचलला की व्यवस्थापकांना नकार देण्यास कारण उरत नाही, आणि मुदत घातली की कायमचा पायंडा पडेल ही एचआरची भीती कमी होते. घरून काम करण्याची मागणी याच ईमेलमध्ये, परंतु वेगळ्या परिच्छेदात, कोणते काम घरून अधिक चांगले होईल ते सांगून मांडा.

संपूर्ण वैद्यकीय अहवाल जोडू नका. त्यात बालपण, कुटुंब, औषधे अशी पुष्कळ माहिती असते, तिचा जागा देण्याशी काहीही संबंध नाही, आणि एकदा जोडलेली फाइल किती जणांपर्यंत जाईल याची खात्री मीसुद्धा देऊ शकणार नाही. डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचे पत्र घ्या. त्यात ही स्थिती दीर्घकालीन आहे, तिच्यामुळे कार्यालयात अमुक अडचणी येतात आणि अमुक बदलांची शिफारस आहे, एवढेच असावे. निदानाचे नाव त्यात असावे की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या मते सुरुवातीला ते नसले तरी चालते.

वकिली टिपण

वरील सल्ला व्यवहार म्हणून उत्तम आहे, परंतु निदानाचे नाव टाळण्याबाबत माझे मत वेगळे आहे. ते कायद्याच्या संदर्भात मांडतो.

आपल्याकडे या विषयाला लागू होणारा मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. त्यांत स्वमग्नता आहे आणि डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण) ज्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात या दोन्हींचा समावेश नव्हता. एडीएचडीचे नाव मात्र २१ च्या यादीत स्वतंत्रपणे नाही. तुमच्या बाबतीत स्वमग्नतेचे निदान असल्यामुळे हा प्रश्न अडत नाही. ज्यांना केवळ एडीएचडी आहे त्यांनी कलम २ मधील दिव्यांग व्यक्तीची व्याख्या पाहावी. ती व्याख्या यादीतील नावांवर अवलंबून नाही. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांशी संबंधित न्यूनतेची भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडून ज्या व्यक्तीच्या समाजातील समान सहभागाला बाधा येते, ती व्यक्ती दिव्यांग, असा तिचा आशय आहे. त्याआधारे युक्तिवाद करता येतो. तो दर वेळी मान्य होईलच असे मी म्हणणार नाही.

प्रमाणपत्राविषयी पुष्कळ गैरसमज आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी सोयीसुविधा, म्हणजे व्यक्तीच्या गरजेनुसार केलेले रास्त बदल, मागण्यासाठी ती अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हे निःसंदिग्धपणे सांगितले. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला, त्याचे दिव्यांगत्व ठरावीक टक्केवारीत बसत नाही या कारणाने, परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला आणि सोयीसुविधांचा हक्क व टक्केवारीची अट या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. हा निकाल परीक्षेच्या संदर्भातला आहे, परंतु त्यातील वाजवी सोयीसुविधांचे विवेचन नोकरीच्या प्रकरणांतही उपयोगी पडते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रवींदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या मानसिक आजाराचा विचार न करता चालवलेली शिस्तभंगाची कारवाई भेदभावाच्या कक्षेत आणली.

आता खासगी कंपन्यांचा मुद्दा, आणि इथे मला आशा व सावधगिरी दोन्ही सांगितल्या पाहिजेत. वाजवी सोयीसुविधा पुरवण्याचे थेट बंधन कलम २० नुसार सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी आस्थापनांवर ते तितक्या सरळ शब्दांत नाही, आणि ही या कायद्यातील मोठी उणीव आहे असे माझे ठाम मत आहे. तरीही खासगी कंपनी पूर्णपणे मोकळी सुटत नाही. कलम २ मधील भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोयीसुविधा नाकारण्याचा समावेश आहे. कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने, खासगी असली तरी, समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत दिव्यांगविषयक आयुक्तांकडे नोंदवायची असते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेच्या धोरणात कोणत्या सुविधा दिल्या जातील याचा तपशील आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असावी लागते. २०१७ च्या नियमांनुसार अशा आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली तर त्याने कारवाई करावी, नाहीतर आपली कृती का समर्थनीय आहे हे तक्रारदाराला लेखी कळवावे, असे बंधन आहे. त्याच नियमांत आणखी एक मोलाची तरतूद आहे: सोयीसुविधांचा खर्च, अंशतः किंवा पूर्ण, दिव्यांग व्यक्तीवर लादता येत नाही.

तेव्हा पाऊलवाट यांनी ईमेल पाठवण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर हे समान संधी धोरण शोधावे. ते सापडले तर त्यातील नेमके वाक्य आपल्या ईमेलमध्ये उद्धृत करावे. कंपनीला तिच्याच शब्दांची आठवण करून देणे हे कायद्याचे कलम दाखवण्यापेक्षा पहिल्या टप्प्यावर अधिक परिणामकारक ठरते आणि त्यात कटुताही येत नाही. पुढे गरज पडलीच तर राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत, परंतु त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, ही मर्यादा लक्षात घेऊनच तिकडे वळावे.

माझ्या मतभेदाचे कारण याच्याशी जोडलेले आहे. दिव्यांगत्वाची माहितीच नव्हती असे कंपनी पुढे म्हणू शकली तर भेदभावाचा आक्षेप दुबळा होतो. ‘वैद्यकीय कारण’ हे शब्द पाठदुखीलाही लागू पडतात. म्हणून निदानाचे नाव किमान एचआरच्या एका अधिकृत व्यक्तीला, लेखी, आणि ‘ही माहिती गोपनीय ठेवावी’ अशा स्पष्ट शब्दांसह कळवलेले असावे. व्यवस्थापकांना किंवा सहकाऱ्यांना ते सांगण्याची गरज नाही.

हजेरीपट

वकिली टिपण यांचा मुद्दा मान्य आहे. ईमेल निदानाच्या नावाविना आणि डॉक्टरांचे पत्र नावासह, तेही केवळ एचआरच्या एका व्यक्तीकडे, अशी विभागणी केली तर दोन्ही हेतू साधतात.

बारनिशी

मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे आणि मला डिस्लेक्सिया आहे. मुंबईत शाळेत असताना पालिकेच्या रुग्णालयात तपासणी होऊन दहावीच्या परीक्षेला वाढीव वेळ मिळाला होता, त्यामुळे आपल्याला काय आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होते. नोकरीत खुल्या प्रवर्गातून आलो आणि कोणाला काही सांगितले नव्हते.

अडचण आली ती आवक-जावक नोंदवहीत. आमच्याकडे आकडे तोंडी सांगण्याची पद्धत आहे. कोणी ‘एकोणऐंशी’ म्हणाले की माझ्या कानात ‘ऐंशी’ ठसते आणि हात ८९ लिहितो. पत्र बरोबर, पाकीट बरोबर, पण जावक क्रमांक दहाने पुढचा. पुढे कोणीतरी त्या क्रमांकाचा संदर्भ देऊन पत्र पाठवते आणि तो कागद काही केल्या सापडत नाही. याला निष्काळजीपणा समजून मला ज्ञापन, म्हणजे लेखी समज, देण्यात आले, तेव्हा मी कार्यालय अधीक्षकांना भेटून सर्व सांगितले.

मी तीनच गोष्टी मागितल्या. आकडे मला तोंडी न सांगता चिठ्ठीवर अंकांत लिहून द्यावेत, दिवसाच्या शेवटी जावक क्रमांकांवरून दुसऱ्या एका सहकाऱ्याने नजर फिरवावी, आणि लांब टिपणी हाताने लिहिण्याऐवजी मला संगणकावर मराठीत बोलून उतरवू द्यावी. मॅडमनी त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरील बाईंना सांगून पहिल्या दोन गोष्टी सुरू केल्या. संध्याकाळी निघण्यापूर्वी त्या बाई पट्टी ठेवून ओळीओळीने क्रमांक तपासतात. त्यात त्यांचा चहा संपण्याइतकाही वेळ जात नाही. एकाही पैशाचा खर्च झाला नाही. बोलून टंकलेखन करण्याला मात्र लेखी आदेश हवा होता आणि तिथे प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहिला. शाळेतले जुने प्रमाणपत्र चालणार नाही, युडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) आणा असे सांगण्यात आले. मी रुग्णालयात गेलो तर अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या शाळकरी मुलांसाठी आहेत, मोठ्या माणसाचे कसे करायचे, असा प्रश्न मलाच विचारला गेला. शाळेचे दाखले, जुने अहवाल, उत्तरपत्रिकांच्या वेळच्या परवानगीची पत्रे, असे जे जे घरात जपून ठेवले होते ते सर्व उपयोगी पडले. ज्यांना मोठेपणी निदान झाले आहे त्यांनी आईवडिलांना आजच विचारून लहानपणीची माहिती लिहून ठेवावी, कारण स्वमग्नतेच्या तपासणीतही डॉक्टर बालपणाविषयी विचारतात आणि सांगणारी माणसे कायम सोबत असतात असे नाही.

माझे सांगणे इतकेच की प्रमाणपत्राची वाट पाहत मागणी थांबवू नका. ज्या गोष्टी तुमच्या थेट वरिष्ठांच्या अधिकारात आहेत त्या आधी मागा. माझ्या तीनपैकी दोन गोष्टी कार्डाच्या खूप आधीपासून सुरू होत्या, आणि पुढे लेखी आदेश काढताना ‘या उपाययोजनेमुळे नोंदींतील चुका थांबल्या आहेत’ हा मॅडमचा शेराच सर्वांत जास्त कामी आला.

थेम्सकाठ

मी लंडनजवळ राहतो आणि मला एडीएचडी आहे. इथला २०१० चा समानता कायदा खासगी नोकरीलाही सारखाच लागू होतो. कंपनी कितीही लहान असो, वाजवी बदल करणे तिचे कर्तव्य असते. दैनंदिन जीवनावर लक्षणीय परिणाम करणारी आणि साधारण बारा महिने किंवा त्याहून अधिक टिकणारी स्थिती असेल तर ती या कायद्याखाली येते. यादीत नाव शोधावे लागत नाही, अपंगत्वाचे प्रमाणपत्रही लागत नाही. शिवाय ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची सरकारी योजना आहे, तिच्यातून कामासाठी लागणाऱ्या साधनांना किंवा प्रशिक्षकाला अर्थसाहाय्य मिळू शकते.

हे भारतात नाही, त्यामुळे त्याचे गोडवे गाऊन उपयोग नाही. मात्र इथली एक पद्धत तुम्हाला तिथेही सहज वापरता येईल. मान्य झालेले बदल एका पानावर लिहून त्यावर कर्मचारी आणि व्यवस्थापक अशा दोघांच्या सह्या घेतात. त्याला ‘ॲडजस्टमेंट पासपोर्ट’ म्हणतात. व्यवस्थापक बदलला किंवा तुम्ही दुसऱ्या टीममध्ये गेलात की ते पान नव्या माणसाला दाखवायचे. त्यामुळे स्वतःची कहाणी नव्याने सांगावी लागत नाही. माझा व्यवस्थापक मधल्या काळात बदलला, तेव्हा या एका पानामुळे माझे बदल खंड न पडता चालू राहिले. आयटी कंपन्यांत प्रकल्प आणि वरिष्ठ ज्या वेगाने बदलतात ते पाहता पाऊलवाट यांनी हे अवश्य करावे.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीचे समान संधी धोरण संकेतस्थळावर सापडले. त्यात ‘कर्मचाऱ्याच्या गरजेनुसार कामाच्या जागेत आवश्यक ते फेरबदल केले जातील’ अशा आशयाचे वाक्य आहे. ते मी ईमेलच्या मसुद्यात घेतले आहे.

ईमेल पाठवण्यापूर्वी व्यवस्थापकांशी बोलले. ते भले गृहस्थ आहेत आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण शेवटी म्हणाले, ‘तुम्हाला एकट्यांना कायमची जागा दिली तर उद्या सगळेच मागतील, मी कोणाकोणाला नाही म्हणू?’ याला काय उत्तर द्यावे ते मला त्या क्षणी सुचले नाही. समोरासमोर अनपेक्षित प्रश्न आला की माझे शब्द थिजतात. सहकाऱ्यांनी विचारले की हिलाच जागा का, तर काय सांगावे हाही प्रश्न आहे.

तिसरा मजला

मी एका टीमची प्रमुख आहे आणि हाच प्रश्न माझ्यापुढे आला होता, म्हणून व्यवस्थापकांच्या बाजूने लिहिते.

‘सगळेच मागतील’ ही भीती खोटी नसते. ठरलेली जागा खरोखरच सर्वांना हवी असते. तुमच्या व्यवस्थापकांना दुसऱ्यांना सांगता येईल असे एक कारण हवे आहे, आणि ते त्यांना मिळवून देणे एचआरचे काम आहे. त्यांना एवढेच सांगा की हा निर्णय तुम्ही वैयक्तिक मर्जीने घ्यावा अशी माझी अपेक्षा नाही, वैद्यकीय कारणासाठी कंपनीच्या धोरणानुसार मी एचआरकडे अर्ज करत आहे आणि तुमचा त्याला विरोध नसावा. जबाबदारी त्यांच्या खांद्यावरून उतरली की बहुतेक वरिष्ठ मोकळे होतात. आमच्याकडे एकाला अशी जागा दिली तेव्हा कोणी विचारलेच तर ‘एचआरच्या मान्यतेने दिलेली जागा आहे’ एवढेच उत्तर मी देत असे. दोनचार दिवस कुजबुज झाली आणि थांबली.

लेखी सूचनांबाबत मात्र उलट अनुभव आला. ज्या सहकाऱ्यासाठी स्टँडअपनंतर प्राधान्यक्रम लिहायला सुरुवात केली त्याच्याइतकाच बाकीच्यांना त्याचा उपयोग झाला. कोणी काय म्हणाले होते यावरून होणारे वाद संपले, रजेवरून परतलेल्यांना काम कुठे आले ते कळू लागले. आता ती सर्व टीमची पद्धत आहे आणि ती कोणामुळे सुरू झाली हे कोणाला आठवतही नाही. म्हणून ही मागणी शक्य असेल तर केवळ स्वतःसाठी न मागता टीमची पद्धत म्हणून सुचवा.

सहकाऱ्यांना निदान सांगण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो अशा एकदोघांना निदान न सांगता केवळ गरज सांगता येते: ‘हेडफोन असताना मला हाक मारू नका, चॅटवर लिहा, मी लगेच उत्तर देते.’ आणि समोरासमोर शब्द थिजतात असे तुम्ही लिहिले आहे, तर तीही एक रास्त मागणीच आहे. बैठकीपूर्वी प्रश्न लेखी मिळावेत आणि उत्तर नंतर लिहून देण्याची मुभा असावी, असे एचआरला पहिल्याच ईमेलमध्ये कळवा. एचआरच्या बैठकीत विश्वासातली एखादी व्यक्ती सोबत आणण्याची परवानगीही मागून पाहा.

हजेरीपट

मूल्यमापनाचा प्रश्न राहिला होता, तो पूर्ण करतो. बदल मागितले म्हणून गुणांकन कमी झाले असे सिद्ध करणे अवघड असते, म्हणून तशी वेळ येण्यापूर्वीच नोंदी तयार ठेवाव्यात. मागील दोनतीन वर्षांची मूल्यमापने आणि वरिष्ठांनी कौतुक केलेले ईमेल यांतील तारखा व आशय स्वतःजवळ टिपून ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र खासगी ईमेलवर पाठवू नका. तो वेगळाच गुन्हा ठरू शकतो. अर्ज मूल्यमापनाच्या चर्चेच्या तोंडावर न देता त्याच्या पुरेसा आधी द्या, म्हणजे तीन महिन्यांचा आढावा मूल्यमापनापूर्वी होईल आणि ‘बदलांनंतर काम कसे झाले’ याची एक लेखी नोंद तिथे आपोआप जमा होईल.

आढाव्यासाठी कोणते माप धरायचे ते आजच ठरवा. तुमच्या कामात सापडलेले दोष, पुन्हा उघडावी लागलेली प्रकरणे, मुदतीत संपलेल्या चाचण्या हे आकडे प्रणालीतच असतात. त्यांपैकी दोन निवडून ईमेलमध्ये लिहा. एखादा बदल उपयोगी पडला नाही तर तसे मोकळेपणाने सांगून त्याऐवजी दुसरा मागता येतो. उदाहरणार्थ, मागील बाजूची जागा मिळाली पण तिथे वातानुकूलन यंत्राची घरघर असह्य झाली, असे होऊ शकते. त्यामुळे जागा मागण्यापूर्वी एखाद्या दुपारी, मजला भरलेला असताना, त्या कोपऱ्यात तासभर बसून काम करून पाहा आणि जागेचा क्रमांक टाकूनच मागणी करा.

पाऊलवाट

हे मनात आले नव्हते. उद्या दुपारी दोन्ही कोपऱ्यांत बसून पाहते आणि त्यानंतर क्रमांक घालून ईमेल पाठवते. डॉक्टरांच्या पत्रासाठी शनिवारची वेळ घेतली आहे. एचआरकडून जे लेखी उत्तर येईल ते, कंपनीची ओळख पटणार नाही अशा रीतीने, इथे लिहीन.